पाटी थोरल्याकडं, गोठा धाकट्याकडं

दिवाळी अंकात माझ्यासारखीनं काय लिहायचं, असं मी विचारलं, तर फोनवरचे संपादक म्हणाले, "मावशी, दुकानात बोलता तसंच लिहा." म्हणून लिहिते. वाचून कान दुखले तर त्यांना सांगा, मला नाही.

उमरग्यात बसस्टँडसमोर, हायवेला लागून आमचं दुरुस्तीचं दुकान. बोर्डावर नाव मालकांचं. मालक म्हणजे माझे यजमान, आमच्याकडं असंच म्हणतात. दुकान त्यांनी टाकलं, पण सोल्डरिंगची गन हातात घेतली की त्यांचा हात असा थरथरायचा, की एक तार जोडायला जावं तर शेजारच्या चार चिकटायच्या. तोंड मात्र साखरेचं. मग ते पुढं बसून गिऱ्हाइकाशी बोलायचे आणि पडद्यामागं मी रेडिओ उघडून बसायची. शिकवलं कुणी नाही. उघडायचं, होतं तसं कागदावर काढून ठेवायचं, जळकं दिसेल ते बदलायचं, नाही जमलं तर परत उघडायचं. गावाला वाटायचं, मालकांच्या हातात जादू आहे. एकदा मालक लग्नाला गेले होते आणि एक गिऱ्हाइक आलं. "मालक न्हाईत? मग कवा येऊ?" मी म्हणाले, "बसा की, धा मिनटांत होतंय." ते गृहस्थ बसलेच नाहीत. बाईच्या हातात रेडिओ देऊन खुर्चीवर टेकायची त्यांची छाती होईना. उभ्यानंच धा मिनटं देवाचं नाव घेत होते.

पुढं रेडिओ गेले, टेप गेले, डबा टीव्ही गेले, मोबाइल आले. मालक आता घरी पेपर वाचतात आणि मी पडद्याच्या पुढं आले. अलीकडं मोबाइलच्या जोडीला येतात त्या गेमच्या मशिनी. त्यातल्या एका जातीबद्दल सांगायचंय. कंपनीचं नाव घेत नाही, त्यांनी मला काही दिलेलं नाही.

ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगते. शाळेच्या पाटीएवढा पडदा. त्याच्या दोन्ही अंगांना दोन बारक्या मुठी, वरून सरकवल्या की टक्‌ करून बसतात. मुठीवर बटणं आणि अंगठ्यानं फिरवायची एक आखूड दांडी. ही झाली हातातली गंमत, कुठंही न्या. घरी आलात की ही पाटी एका उभ्या डब्यात सोडायची. त्याला डॉक म्हणतात. मी गोठा म्हणते. दिवसभर रानात हिंडून जनावर गोठ्यात यावं तशी पाटी त्यात येते, तिथं तिला वीज खायला मिळते आणि तिचं चित्र वायरीनं मोठ्या टीव्हीवर जातं. मग मुठी काढायच्या, एक तुम्ही घ्यायची, एक मी, आणि खुशाल पलंगावर बसून खेळायचं.

गुण सांगायचे तर पहिला हाच, की एकात दोन. लाइट गेली, टीव्ही बंद पडला, तर पाटी गोठ्यातून उचलायची, खेळ जिथं थांबला तिथूनच हातात पुढं चालू. लाइट गेल्याचं ज्या वस्तूला काही वाटत नाही, तिला आमच्या भागात मान द्यावाच लागतो. दुसरा गुण, एकाच मशिनीत दोघांची सोय, वेगळी मूठ घ्यावी लागत नाही.

आता अवगुण. गोठ्यात वरखाली करून पडद्याला ओरखडे पडतात. टीव्हीच्या मापानं लिहिलेली अक्षरं पाटीवर मुंगीएवढी दिसतात. पोटातला पंखा उन्हाळ्यात कुत्र्यासारखा धापा टाकतो, आणि खळं चालू असताना खिडकीत ठेवली तर भुसा ओढून घेतो. सगळ्यात मोठं दुखणं दांडीचं. ती झिजली, धूळ गेली, की कुणी हात न लावता एका अंगाला ओढायला लागते आणि खेळातला माणूस आपला आपणच चालत सुटतो.

आणि खेळाची कार्डं. नखाएवढी असतात, लेकरांनी गिळू नये म्हणून त्यांना कडू लेप दिलेला असतो. गुण म्हणा की अवगुण. एक गुरुजी असेच धावत आले. "मावशी, ह्याला इख लावलंय."

"कुणी चाटलं?"

"नातवानं."

"मग तोंड तुमचं का वाकडं?"

"खात्री करून बघितली."

मी समजावून सांगितलं, पण गुरुजी पडले गुरुजी, त्यांना प्रयोग पाहिजे. शेवटी मी त्यांच्यासमोर कार्ड चाटलं. त्या दिवशी मला चहासुद्धा कारल्यासारखा लागला.

असो. मला सांगायचंय ते गोदाबाईंचं.

माकणी गावचं घर. थोरला दत्ता, धाकटा बालाजी, दोघांची लग्नं झालेली, आणि त्यांची आई गोदाबाई. सगळं गाव तिला आक्का म्हणतं, मी पण म्हणते. आक्काची लेक हैदराबादला दिलेली. त्या जावयानं सणाला येताना ही मशीन आणली. त्याच सुमाराला आक्का अंगणात घसरून पडली होती आणि उजव्या हाताचं प्लास्टर नुकतंच निघालं होतं. हाड जुळलं, पण खांदा आखडला. हात छातीच्या वर जाईना. डॉक्टरांनी बजावलं, की रोज हात वर न्यायचा, भिंतीवर बोटं चढवायची, आता आळस केला तर खांदा असाच धरून बसेल, कायमचा. आक्का म्हणाली, "भितीवर चढायला मी काय पाल हाय व्हय?" आणि व्यायाम बंद.

पण त्या मशिनीत एक खेळ होता. टीव्हीत दहा बाटल्या मांडलेल्या असतात. मूठ हातात धरून चेंडू फेकल्यासारखा हात फिरवायचा, की टीव्हीतला चेंडू जाऊन बाटल्या पाडतो. लहानपणी ज्वारी राखायला माळ्यावर उभी राहून गोफण फिरवलेली बाई ती. पहिल्याच दिवशी तिनं सहा बाटल्या लोळवल्या.

मला ओळख झाली ती मुठीची पट्टी तुटली म्हणून. मूठ सुटून उडू नये म्हणून मनगटाला एक पट्टी अडकवायची असते. तिघं मायलेक दुकानात आले.

"पट्टी कशी तुटली?" मी विचारलं.

"हाणलं मी," आक्का म्हणाली.

"कुणाला?"

"बाटल्यास्नी. एक मेली पडतच न्हवती."

दत्ता म्हणाला, "मावशी, टीव्ही वाचला हेच नशीब." बालाजी म्हणाला, "पट्टीच्या जागी कासराच लावून द्या." तिघंही हसत होते. आक्कानं मला हात करून दाखवला, कानापर्यंत आला होता. डोक्याच्या वर जायचा तेवढा बाकी होता.

नंतर ऐकलं ते घर वेगळं झाल्याचं. कारण मी विचारलं नाही. दोन चुली झाल्या की कारणंही दोन असतात. बालाजीनं उमरग्यात बिऱ्हाड केलं, टेम्पो चालवायला लागला. दत्ता माकणीला शेतावर राहिला. आक्का महिना इथं, महिना तिथं. दोघांचं बोलणं बंद.

एक दिवस बालाजी पिशवी घेऊन आला. पिशवीतून गोठा काढला आणि उजवी मूठ.

"मावशी, हे टीव्हीला जोडलं. वायर बरोबर हाय. पर टीव्हीवर कायबी येत न्हाय."

"पाटी कुठंय?"

"ती दादाकडं."

"मग?"

"मग काय? त्येनं पाटीवर खेळायचं, आमी टीव्हीवर. वाटणीच्या कागदावर तसंच हाय."

मला आधी कळेना. मग त्यानं सांगितलं. पंच बसले होते. दोन म्हशी, एकेक. सहा खुर्च्या, तीन-तीन. टीव्ही धाकट्याला, फ्रिज थोरल्याला. मग ही मशीन निघाली. पंचांतले एक म्हातारे म्हणाले, ही काय भानगड? तर कुणीतरी जावयाचं वाक्य सांगितलं, की हे हातात पण चालतं आणि टीव्हीवर पण चालतं. "मग झालं की," पंच म्हणाले, "हातातलं एकाला, टीव्हीवरलं एकाला. मुठी दोन हाईत, एकेक घ्या." आणि कागदावर लिहिलं, गेमचं सामान, नग चार, दोन-दोन.

मी गोठा उघडून त्याला आत दाखवलं. एक बारकी पट्टी आणि चार तारा. "बालाजी, ह्याला मेंदू नाही रे. सगळं पाटीत असतं. हा नुसता गोठा. म्हैस थोरल्याकडं आणि तू इथं दावणीला चरवी लावून बसलायस."

त्यानं तो रिकामा डबा कानाशी नेऊन हलवून बघितला. "म्हंजे पंचांनी मला खोकं दिलं?"

"जा, भावाशी बोल."

"बोलणं बंद हाय," तो म्हणाला आणि गोठा तसाच बगलेत मारून गेला.

दोनच दिवसांनी दत्ता आला. त्यानं आता स्वतःचा टीव्ही घेतला होता. आक्का त्याच्याकडं होती. पाटीवर बाटल्या हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या दिसतात, म्हणून तिनं खेळणं सोडलं होतं. "हात परत खाली आलाय मावशी. डॉक्टर रागावलेत. एखादा गोठा असंल तर द्या."

इथं मी चुकले. शेल्फावर हैदराबादहून आलेला एक बिननावाचा, स्वस्तातला डॉक होता. ह्या मशिनी चाऱ्याच्या बाबतीत लई नाजूक असतात. असली गोठा पाटीला विचारून वीज देतो, पचेल तेवढीच. नकली तोंडात कोंबतो. हे मला ठाऊक होतं. खरं म्हणजे मी म्हणायला पाहिजे होतं, की अरे, गोठा उमरग्यातच तुझ्या भावाच्या घरी पडलाय, माग जाऊन. पण वाटलं, हे कधी बोलायचे आणि म्हातारीचा हात कधी वर जायचा? दिला डॉक.

पंधरा दिवसांत दत्ता परत आला. सोबत त्याची बायको मंगल. पाटी फडक्यात बांधलेली, वर लिंबू.

"मावशी, भानामती झालीया," मंगल म्हणाली.

"कशावरून?"

"खेळातला माणूस आपोआप चालतोय. कुणी मूठ धरली न्हाय, बटण दाबलं न्हाय. निस्ता डाव्या अंगाला चालत जातोय आन् भितीवर डोकं आपटतोय. डाव्या अंगाला कोण हाय? उमरगा. तिकडं कोण ऱ्हातंय? आमची जाऊ."

"मग तुम्ही काय केलं?"

"लिंबू उतरवलं. उदाची धुरी दिली. तरी त्यो चालतच होता. दुसरी धुरी दिली आन् मशीन गपकन मेली."

मी उघडलं. डावी दांडी झिजलेली, म्हणून माणूस चालत होता. पंख्यात उदाची राख ठासून भरलेली, झटकली तर दुकानभर देवळाचा वास. पण मशीन मेली होती ती राखेनं नाही. चार्जिंगची आयसी, म्हणजे वीज आत घेणारी बारकी चिप, काळी पडली होती, आणि ती कुणी जाळली हे मला भिंगाशिवाय दिसत होतं. माझ्या डॉकनं.

आता बघा, गप्प बसले असते तर चाललं असतं. माझ्यावर पांघरूण घालायला भानामती तयार, धुरी तयार, उमरग्याची जाऊ तयार. ह्या धंद्यात अशी सोय रोज मिळत नाही. पण त्या पोरीवर नाव जात होतं. मी म्हणाले, "दत्ता, बालाजीच्या बायकोनं, सुनीतानं, काही केलेलं नाही. भानामती मीच. मी दिलेल्या डॉकनं तुझी मशीन जाळली."

मंगलनं लिंबू उचललं आणि माझ्याकडं असं बघितलं, की आता माझ्यावरूनच उतरवते की काय.

दत्ता एवढंच म्हणाला, "आक्काला काय सांगू?"

"सांग, मावशी दुरुस्त करणार. पण एका अटीवर. चारही नग माझ्यासमोर पाहिजेत. असली गोठ्यात घातल्याशिवाय मी तिला वीज देणार नाही. पेशंट वाचवायचा तर सगळे नातेवाईक हजर पाहिजेत."

बालाजीला मी फोन केला. तो म्हणाला, वाटणीची वस्तू हाय, दादाच्या कामाला का देऊ? मी म्हणाले, "दादाच्या नको देऊ, आक्काच्या खांद्याच्या दे." त्यानं फोन आपटला, म्हणजे येणार.

आयसी हैदराबादहून बसच्या पार्सलनं आली. तांदळाच्या कणीएवढी. माझं वय झालंय, डोळ्यांत पाणी येतं, श्वास धरून बसवावी लागते. जुनी काढताना शेजारचे दोन बारके तुकडे उडाले, ते झाडूनं गोळा करून परत लावले. आयुष्यात इतक्या वेळा कुणाची मनातल्या मनात माफी मागितली नसेल.

बाजाराच्या दिवशी सगळे आले. दत्ता आणि आक्का एका बाकड्यावर, बालाजी दारात उभा. दोघांच्या मधून मी.

"मावशी, त्यास्नी म्हणावं, गोठा टेबलावर ठेवा."

"मावशी, त्यास्नी म्हणावं, ठेवलाय, डोळे हाईत का?"

पाटी गोठ्यात सोडली. हिरवा दिवा लागला. दुकानाच्या टीव्हीवर चित्र आलं आणि माझा जीव भांड्यात पडला. पण मुठी तपासायच्या राहिल्या होत्या. मी डावी दत्ताच्या हातात दिली, उजवी बालाजीच्या. "दोघांनी एकेक डाव खेळायचा. त्याशिवाय मला कळणार नाही, मुठी बोलतात का."

दत्तानं टाकला. सात बाटल्या. बालाजीनं टाकला. आठ. दत्तानं बाही वर केली. तिसऱ्या डावाला बालाजी ओरडला, "दादा, रेघ वलांडलीस!"

"कुठं वलांडली?"

"पाय पुढं गेला तुजा!"

"ही टीव्हीतली रेघ हाय, येड्या, दुकानात कुठली रेघ?"

"तुजं नेहमीचंच हाय. रानात बी असंच, हितं बी असंच!"

कित्येक महिन्यांनी दोघं एकमेकांशी सरळ बोलत होते, तेही माझ्या फरशीवरच्या नसलेल्या बांधावरून. रस्त्यावरची चार माणसं दारात जमली. एकानं तर विचारलं, भांडण कशाचं? मी म्हणाले, बाटल्यांचं. तो म्हणाला, तरीच.

"आणा हिकडं," आक्का म्हणाली. बालाजीच्या हातातली मूठ घेतली, पट्टी मनगटाला अडकवली, पदर खोचला. हात वर न्यायला गेली आणि खांद्याशीच अडला. कळ आली असणार, डोळे मिटले. तिनं तसाच टाकला. एक बाटली पडली.

"बघा," ती म्हणाली. "तुमच्या वाटणीनं माज्या धा बाटल्यांतल्या नऊ उभ्या ठेवल्या."

मग तिनं विचारलं, "ही मशीन कुणी आणली?"

"दाजींनी."

"जावई सणाला आला तर आहेर सासूला देतो का मेव्हण्याला? माझी वस्तू पंचांनी वाटली आन् तुमी दोघं घेऊन बसलात. म्हशी घ्या, खुर्च्या घ्या. हे चार नग माजे. मी जाईन तिथं हे येतील."

बालाजीनं दत्ताकडं बघितलं. दत्ता म्हणाला, "एवढं मोठं धूड न्यायचं कसं, आक्का?" मी मध्ये तोंड घातलं. म्हणाले, अरे बाबा, ह्या मशिनीचा जन्मच त्यासाठी आहे. पाटी, गोठा, दोन मुठी, वायर, सगळं एका कापडी पिशवीत मावतं. टीव्ही दोन्ही घरी आहेतच. डावी दांडी मी बदलून दिली, चुंबकावर चालणारी, ती लवकर झिजत नाही. बिननावाचा डॉक हातोड्यानं फोडला, उगीच दुसऱ्या कुणाला विकायचा मोह नको.

तेव्हापासून आक्का महिन्याच्या पहिल्या तारखेला पिशवी घेऊन एसटीनं येते किंवा जाते. दोघं भाऊ बोलायला लागलेत, म्हणजे भांडायला लागलेत. एकतीस दिवसांच्या महिन्यात जादाचा दिवस कुणाचा, ह्यावर.

ह्या श्रावणात एकदा ती स्टँडवर उतरून सरळ दुकानात आली. पिशवी टेबलावर ठेवली.

"काय बिघडलं?"

"कायबी न्हाय. चांगली हाय."

"मग?"

"ठेव आठ दिवस. दोन्ही घरं माजी वाट बघत्यात म्हणं. मला बघायचंय, माजी बघत्यात का पिशवीची."

नुसतं गाठोडं घेऊन ती परत स्टँडवर गेली. मी दारातून बघत होते. बालाजी मोटारसायकल घेऊन आला. त्यानं काहीतरी विचारलं. आक्कानं उजवा हात सरळ डोक्याच्या वर उचलून माझ्या बोर्डाकडं दाखवलं. त्यानं मान हलवली, गाठोडं टाकीवर घेतलं आणि तिला मागं बसवून गेला. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुनीताचा फोन आला. मला वाटलं, आलंच, ह्यांना पिशवीच पाहिजे. "मावशी, मशीन कवा होतीया?"

"का गं, एवढी घाई?"

"मला कसली घाई? मी काय खेळती व्हय? आक्काच सारख्या विचाराय लावत्यात. कालपास्नं करमंना झालंय, जेवण बी जाईना. म्हणत्यात, मावशीला म्हणावं, लौकर दे."

मागून आक्काचा आवाज आला, "माजं नाव नको सांगू गं!"

मी टेबलाकडं बघितलं. पिशवी जशीच्या तशी, गाठसुद्धा सोडलेली नव्हती. म्हणाले, "सुनीता, त्यांना सांग, हैदराबादहून पार्ट यायचाय. आठ दिवस लागतील."

धडधाकट मशिनीला पार्ट यायचाय, असं मी उभ्या आयुष्यात एकदाच सांगितलं. तेही जिची मशीन, तिच्याच शब्दाखातर.